कठड्याबाहेरचा मित्र

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यात एका स्नेह्यांकडे रात्री जेवायला गेलो होतो. जेवणे उरकली, गप्पा रंगल्या. पण घरातला सव्वीस वर्षांचा चिरंजीव काही केल्या हातातला फोन सोडायला तयार नव्हता. दर दोन मिनिटांनी फोनकडे बघायचा, उठून गॅलरीत जायचा, पुन्हा येऊन बसायचा. शेवटी आजींना राहवले नाही. ‘‘काय रे, कुणी दवाखान्यात आहे का?’’

तेव्हा उलगडा झाला. त्याचा कॉलेजपासूनचा मित्र गोव्यात पोकरच्या एका स्पर्धेत उतरला होता आणि एकेकाला मागे टाकत शेवटच्या नऊ जणांच्या टेबलापर्यंत पोहोचला होता. ‘‘म्हणजे पत्तेच ना?’’ आजी म्हणाल्या. ‘‘पत्तेच.’’ ‘‘पैसे लावून?’’ आजोबांनी विचारले. यावर चिरंजीव पुन्हा गॅलरीत गेले. मित्राच्या प्रवेश फीमध्ये त्याने स्वतःचे पाच हजार रुपये घातले होते, हे घरात नंतर कळले.

मला त्या खेळापेक्षा त्या गॅलरीतल्या येरझाऱ्यांचे नवल वाटले. खेळणारा शेकडो मैल दूर होता. त्याच्या हातात निदान पत्ते तरी होते. याच्या हातात काहीच नव्हते. तरी घाम यालाच फुटला होता. मित्र मोठ्या डावाला बसला की बाहेर उभ्या असलेल्या मित्राचे काय होते, आणि त्याचे कर्तव्य तरी काय, हा प्रश्न त्या रात्रीपासून मनात राहिला आहे.

आधी खेळाविषयी थोडेसे. आपल्याकडे पत्ते म्हटले की मे महिन्याच्या सुटीतला बदाम सात, मेंढीकोट आणि झब्बू आठवतो. पोकरचा आज सर्वात लोकप्रिय असलेला प्रकार समजायला तसा सोपा आहे. प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात, मध्ये पाच पाने सर्वांसाठी उघडी होतात आणि या सातांतून ज्याची पाच पाने सर्वात भारी, तो जिंकतो. पण खरा खेळ पानांचा नाही, बोलीचा आहे. हातात काही नसताना मोठी बोली लावून समोरच्याला हूल देता येते. स्पर्धेत सर्वांनी सारखी फी भरायची, सर्वांना सारख्या चिप्स मिळायच्या आणि त्या संपल्या की उठायचे. मध्येच चिप्स मोडून पैसे घेऊन घरी जाता येत नाही. अशा मोठ्या स्पर्धा दिवसेंदिवस चालतात. टेबलाभोवती कठडा किंवा दोरी असते आणि तिच्याबाहेर नातेवाईक व मित्र ताटकळत उभे असतात.

या कठड्याबाहेरच्या माणसांच्या तीन हकिगती सांगण्यासारख्या आहेत. तिन्ही अमेरिकेतल्या लास व्हेगासच्या, ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’च्या मुख्य स्पर्धेतल्या. दहा हजार डॉलर प्रवेश फीची ही स्पर्धा म्हणजे या खेळाचे विश्वविजेतेपद.

पहिली हकिगत १९९७ ची. स्टू उंगर हा पत्त्यांतला अलौकिक बुद्धीचा माणूस. १९८० आणि १९८१ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने हे अजिंक्यपद मिळवले. मग कोकेन आणि सट्टा यांनी त्याला पोखरून काढले. १९९७ मध्ये तो स्पर्धेच्या दाराशी आला, तेव्हा खिशात फीचे पैसे नव्हते. ते उसने मिळवण्यासाठी त्याने आदली रात्र जागून काढली होती. स्पर्धा सुरू व्हायच्या बेतात असताना बिली बॅक्स्टर या जुन्या मित्राने दहा हजार डॉलर भरले. ठरले असे की, जे मिळेल ते निम्मे-निम्मे. पहिल्याच दिवशी उंगरला टेबलावर डुलक्या येऊ लागल्या. माइक सेक्स्टन हा दुसरा मित्र त्याच स्पर्धेत खेळत होता. त्याला उंगर म्हणाला, माझ्याच्याने हे होणार नाही. सेक्स्टनने धीर दिला. बॅक्स्टरने मात्र चांगली खरडपट्टी काढली. एकाने पाठीवर हात ठेवला, दुसऱ्याने कान उपटले. आणि उंगर सावरला.

शेवटचा डाव फ्रीमाँट स्ट्रीटवर, भर रस्त्यावर मांडला होता. उंगरने निळ्या काचांचा गोल चष्मा लावला होता. व्यसनाने खचलेले नाक झाकावे म्हणून. खिशात लेकीचा फोटो होता. अखेरच्या हातात त्याच्याकडे एक्का आणि चव्वी, प्रतिस्पर्ध्याकडे एक्का आणि अठ्ठी. पारडे प्रतिस्पर्ध्याकडे झुकले होते. पाचवे पान उलटले, दुर्री निघाली आणि उंगरची एक्का ते पंजी अशी ओळ पुरी झाली. दहा लाख डॉलर! ठरल्याप्रमाणे बॅक्स्टरला निम्मे मिळाले.

गोष्ट इथे संपली असती तर सिनेमा झाला असता. पण उंगरच्या वाट्याचे पैसे काही महिन्यांत व्यसनात आणि सट्ट्यात गेले. १९९८ साली बॅक्स्टर पुन्हा फी भरायला तयार होता; मात्र खेळ सुरू होण्याच्या काही मिनिटे आधी उंगरने, मी थकलो आहे, खेळत नाही, असे कळवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एका स्वस्त मोटेलच्या खोलीत त्याचा मृतदेह सापडला. वय अवघे ४५. अंत्यसंस्काराच्या खर्चासाठी जमलेल्या मंडळींकडून वर्गणी काढावी लागली.

बॅक्स्टर कुठे चुकला? व्यवहारात कुठेच नाही. त्याने शब्द पाळला आणि वेळेवर रागावलाही. पण या हकिगतीतून एक कटू गोष्ट कळते. मित्राला टेबलापर्यंत पोहोचवणे मित्राच्या हातात असते. टेबलावरून उठल्यावर त्याला घरापर्यंत पोहोचवणे मात्र पुष्कळदा त्याच्याही हाताबाहेरचे असते.

दुसरी हकिगत २००३ ची आणि जरा हसरी. ख्रिस मनीमेकर हा टेनेसी राज्यातला २७ वर्षांचा हिशेबनीस. आडनाव खरोखरच असे! इंटरनेटवर शंभर डॉलरांहूनही कमी पैशांत खेळलेल्या एका पात्रता फेरीत तो वर चढला. पहिल्या तिघांना मुख्य स्पर्धेत प्रवेश आणि चौथ्याला आठ हजार डॉलर रोख, असा नियम होता. मनीमेकरच्या डोक्यावर क्रेडिट कार्डाचे कर्ज होते. त्याला मुद्दाम चौथे यायचे होते! त्यानेच नंतर सांगितले आहे की, एका मित्राने फोन करून त्याला अडवले. ‘तू जिंक, तुझ्यातला निम्मा वाटा मी पाच हजारांना घेतो.’ मनीमेकर जिंकला, आणि ऐनवेळी त्या मित्राला काही पैसे देता आले नाहीत. मग वडिलांनी आणि दुसऱ्या एका मित्राने थोडा थोडा वाटा उचलला. पुढे ८३९ खेळाडूंमध्ये पहिला येऊन, वाटेत हातात काहीही नसताना एका मुरलेल्या व्यावसायिकाला हूल देऊन, त्याने २५ लाख डॉलर मिळवले. ज्याच्या फोनमुळे हे घडले, त्या पहिल्या मित्राला त्या दिवशी काय वाटले असेल? ‘वाहवा’ म्हणताना त्याचा घसा दाटला असेल तर त्याला नावे ठेवण्याचे धाडस मी तरी करणार नाही. हेवा वाटणे हा गुन्हा नाही. हेवा वाटूनही टाळी वाजवणे, हेच तर मैत्रीचे काम.

तिसरी हकिगत कोर्टातली. २००६ मध्ये जेमी गोल्डने ८,७७३ खेळाडूंमध्ये पहिला येऊन १ कोटी २० लाख डॉलर जिंकले. एका परिचिताला त्याने, तू माझे काम केलेस, जे मिळेल त्यातले निम्मे तुझे, असे तोंडी म्हटले होते. या शब्दाचा अर्थ काय, यावर जिंकल्यानंतर वाद झाला, प्रकरण कोर्टात गेले आणि २००७ मध्ये तडजोडीने मिटले. निम्म्या रुपयाला कुणी भांडत नाही. निम्म्या कोटीला मात्र सख्खे भाऊही भांडतात, हे आपल्या घराघरांतल्या वाटण्यांनी आपल्याला शिकवलेच आहे. पानसुपारीच्या बैठकीत दिलेला शब्द आणि कागदावर लिहिलेला शब्द यांतला फरक यश आल्यावरच कळतो. अपयशाची वाटणी मागायला कोण येतो?

या तिन्ही हकिगतींत एक आकडा मात्र झाकलेलाच राहतो. २००३ च्या त्या स्पर्धेत ८३९ पैकी फक्त ६३ जणांना बक्षिसाचे पैसे मिळाले. उरलेले ७७६ जण रिकाम्या हाताने परतले. त्यांचेही मित्र कठड्याबाहेर उभे असतील. त्यांच्यावर कुणी पुस्तके लिहिली नाहीत. मनीमेकर जिंकला आणि ‘मीही जिंकू शकतो’ असे वाटणाऱ्यांची रीघ लागली. तीनच वर्षांत खेळाडूंची संख्या दहापटीने वाढली. जिंकलेला मित्र ही फार मोहात पाडणारी जाहिरात असते, कारण तिच्यावर आपला विश्वास बसतो.

पोकर हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, यावर वाद चालूच राहील. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करताना पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांबाबत कौशल्य आणि नशीब हा भेदच ठेवला नाही. घराघरांत बुडालेल्या पगारांचा आणि कर्जांचा त्यामागे विचार होता. पण कायदा फोनवरचा खेळ रोखू शकेल. मित्राच्या यशाने डोळे दिपणे कोणता कायदा रोखणार? तिथे मित्रच हवा. द्यूतसभेत थोर थोर माणसे खाली मान घालून बसली होती. थांबा म्हणणारा एक विदुर होता. त्याचे कुणी ऐकले नाही हे खरे. पण त्या सभेत धर्मराजाचा खरा हितकर्ता कोण होता, हे सांगायला आज व्यास लागत नाहीत.

आता त्या गॅलरीतल्या मुलाचे. मित्र त्या रात्री सहावा आला. पहाटे तीनला फोन आला, तेव्हा हा जागाच होता. तो मित्र गोव्याहून बसने परतला, तेव्हा हा सकाळी सहाला स्कूटर घेऊन स्वारगेटला हजर होता. पैशांचा विषय त्याने काढला नाही. मित्रानेच दोन दिवसांनी त्याचा वाटा पैन्‌पै हिशेब करून आणून दिला. इथवर सगळे छान.

महिन्याभराने मित्र पुन्हा आला. आता याहून मोठी स्पर्धा होती, फी कितीतरी जास्त आणि नोकरी सोडायचाही विचार होता. ‘‘आपला हात चालतोय,’’ तो म्हणाला. हा अर्धा तास गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘सुटी काढून जात असशील तर तुला आणायला स्टँडवर येईन. हरलास तरी येईन. पण पैसे देणार नाही, आणि नोकरी सोडलीस तर तुझ्या आईला मी तोंड दाखवू शकणार नाही.’’

मित्र रागावून गेला. तीन महिने दोघांत बोलणे नव्हते. त्या तीन महिन्यांत हा पुन्हा गॅलरीत येरझाऱ्या घालत होता, असे त्याची आई सांगते. पुढे मित्रच एका रविवारी घरी आला, आजींच्या पाया पडला आणि चहा पिऊन गेला. नोकरी त्याने सोडली नव्हती. पोकर अजून खेळतो म्हणे, सुटीत, झेपेल तेवढे. ते भांडण झाले नसते तर काय झाले असते, हे कुणीच सांगू शकत नाही. पण त्या रात्री पाच हजारांसाठी फुटलेल्या घामापेक्षा या तीन महिन्यांचा अबोला त्याला महाग पडला, आणि तो त्याने सोसला, एवढे मला ठाऊक आहे.