विहिरींची काळजी वाहणारे फादर

मुलांनो, तुमच्यापैकी कितीजणांच्या परसात विहीर आहे? किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी आजीकडून हे नक्की ऐकलं असेल, "यंदा पाणी जरा मचूळच लागतंय!" असं का होतं, सांगू? समुद्रालगत जमिनीखाली खारं पाणी असतं. पावसाचं गोडं पाणी त्याहून हलकं, म्हणून ते त्याच्यावर तरंगत राहतं. बेतानं उपसलं तर वर्षभर पुरतं. पण पंप लावून अतोनात उपसा केला, की खालचं खारं पाणी वर चढतं. मग विहीरही गेली आणि बागही गेली!

आपल्या रत्नागिरीसारखाच कोकणातला एक हिरवागार तालुका म्हणजे वसई. केळी, पानवेली, फुलं आणि भाजीपाला यांच्या वाड्या, आणि या सगळ्याला पाणी विहिरींचं. तिथल्या नंदाखाल गावी ४ डिसेंबर १९४२ रोजी फ्रान्सिस दिब्रिटो यांचा जन्म झाला. घरात सामवेदी बोली, शाळेत मराठी. पुढे १९७२ मध्ये ते कॅथलिक धर्मगुरू झाले.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस वसईवर संकट आलं. मुंबईलगतची मोकळी जमीन बिल्डरांच्या डोळ्यांत भरली. वाड्यांच्या जागी इमारती उठू लागल्या आणि विहिरींचं पाणी टँकर भरभरून जाऊ लागलं. वर गुंडांची दहशत! बोलायचं कुणी? तेव्हा फादर पुढे झाले. 'हरित वसई संरक्षण समिती'च्या झेंड्याखाली सगळ्या धर्मांची माणसं एकत्र आली, मोर्चे निघाले.

तुम्ही म्हणाल, फादरांचं काम चर्चमध्ये प्रार्थना सांगण्याचं. विहिरींशी त्यांचा काय संबंध? अहो, ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांच्याच घशाला कोरड पडली, तर गप्प कसं बसायचं?

हाच आवाज त्यांनी लेखणीतूनही पोहोचवला. १९८३ ते २००७ अशी तब्बल चोवीस वर्षं त्यांनी 'सुवार्ता' या मासिकाचं संपादन केलं. सुवार्ता म्हणजे चांगली बातमी, बरं का! सगळं बायबल त्यांनी सोप्या मराठीत आणलं. त्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते फादर दिब्रिटो! 'धर्मगुरू कशाला?' असं म्हणत काहींनी विरोध केला. पण आजारी असूनही ते गेले आणि मराठीतूनच बोलले. मराठी कुणा एका धर्माची थोडीच आहे? आपल्याच जिल्ह्यातल्या करजगावी जन्मलेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, तेही ख्रिस्ती धर्मोपदेशकच होते की!

२५ जुलै २०२४ रोजी फादर गेले. त्यांच्या लढ्यानं सगळंच वाचलं, असं नाही. स्टेशनच्या आसपास इमारतींची गर्दी झालीच. पण पश्चिमेकडच्या गावांत आजही वाड्या दिसतात. माणसं वेळेवर बोलली नसती, तर त्याही दिसल्या नसत्या.

या रविवारी एक करा. आपल्या वाडीत किती विहिरी वापरात आहेत आणि किती बुजल्या, ते मोजा. मग आजीला विचारा, ती लहान असताना किती होत्या? दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. आणि मग घरातल्या मोठ्यांना दाखवा.