हाक तशी कामगिरी

गेल्या सुट्टीत भाचा आला होता. वाय-फायच्या डबीकडे बोट दाखवत त्याने विचारलं, "खाला, यातही कॉम्प्युटर असतो?"

असतो, छोटासा. अशा कितीतरी डब्यांमध्ये लिनक्स चालतं आणि त्यातली रोजची बारीकसारीक कामं 'बिझीबॉक्स' हा एकच प्रोग्राम करतो.

त्याचा जन्म जागेच्या टंचाईतून झाला. 1995 मध्ये ब्रूस पेरेन्स यांना डेबियन लिनक्स बसवण्याचं आणि बिघडलेला कॉम्प्युटर सावरण्याचं सगळं सामान एकाच फ्लॉपीत मावायला हवं होतं. जागा फक्त 1.44 एमबी! फाइलींची यादी दाखवणारा 'एलएस', नक्कल करणारा 'सीपी' असे प्रत्येक कामाचे प्रोग्राम वेगळे, आणि आतला बराचसा मजकूर मात्र तोच तोच. प्रत्येक भाजीसाठी आलं-लसूण पुन्हा पुन्हा वाटावं, तसं. पेरेन्स यांनी वाटण एकदाच केलं आणि सगळी कामं एका फाइलीत आणली.

मग कोणतं काम करायचं हे तिला कसं कळतं? नावावरून. त्या एकाच फाइलीला अनेक नावं जोडलेली असतात. 'एलएस' म्हणून हाक आली की यादी, 'सीपी' म्हणून आली की नक्कल. मलाही कुणी अम्मी म्हणतं, कुणी खाला, तर शाळेत मॅडम. हाक ऐकली की काम कळतं!

आज त्यात तीनशेहून जास्त आज्ञा आहेत. मात्र आटोपशीरपणासाठी क्वचित लागणाऱ्या सोयी गाळलेल्या असतात.

बिझीबॉक्स फुकट वापरता येतो, पण एका अटीवर: तो घालून वस्तू विकणाऱ्याने त्याचा मूळ कोड ग्राहकाला मागताच द्यायला हवा. काही कंपन्यांनी ही अट पाळली नाही, तेव्हा 2007 मध्ये त्याच्या दोन लेखकांनी अमेरिकेत कोर्टाची पायरी चढली. ही अट आपल्या कामाची आहे. कंपनीने जुन्या राउटरकडे पाठ फिरवली, तरी कोड उघडा असेल तर दुसरा जाणकार त्याची दुरुस्ती करू शकतो. 2004 मध्ये सुरू झालेला 'ओपनडब्ल्यूआरटी' हा प्रकल्प असाच एका राउटरच्या उघड्या झालेल्या कोडवर उभा राहिला. त्यातही बिझीबॉक्स आहेच.

भाच्याने लगेच कपाटातून राउटरचं माहितीपत्रक शोधून काढलं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत 'जीपीएल' छापलेलं होतं. तुमच्याही घरी पाहा. ती बारीक अक्षरं म्हणजे आपला हक्क आहे.