दीड तासावरचं नागपूर

"अगं आई, दीड तासावर तर आहे मी!" हे वाक्य मी नागपूरला फोनवर कित्येक वर्षं ऐकवत आलोय. मुंबई-नागपूर हवाई अंतर सुमारे ७०० किलोमीटर, तिकिटावर दीड तास. पण तो दीड तास विमान इथल्या जागेवरून हललं की तिकडे थांबेपर्यंतचा. त्यात धावपट्टीसाठी रांग लावणंही आलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एकाच वेळी दोन्ही वापरता येत नाहीत. आणि डोंबिवलीहून विमानतळ, तपासणी, बॅगेची वाट... ते कोण मोजणार?

मागच्या वर्षी आई पडली. फोन दुपारी बाराला आला, मी पोचलो रात्री साडेनऊला. तोवर शेजारच्या काकूंनी तिला प्लास्टर घालून घरी आणलंही होतं.

विदर्भ एक्सप्रेसला रात्र लागते, पण ती तसं सांगते तरी! माझ्या मते तिकिटावर घर ते घर असाच वेळ छापायला हवा. छापणार कोण म्हणा.

आता मी आईला 'नऊ तास' सांगतो. ती म्हणाली, "मग दुसरी किल्ली शेजारीच राहू दे."