राफेल-मरीन, डेक आणि कर्मचाऱ्यांचे कान

भारतीय नौदलासाठी २६ राफेल-मरीन विमाने घेण्याचा करार एप्रिल २०२५ मध्ये झाला. चर्चा झाली ती किंमत, शस्त्रे आणि पल्ल्याची. उड्डाणाच्या वेळी विमानवाहू जहाजाच्या डेकवर उभे राहणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या कानांबद्दल फारसे कुणी बोलले नाही.

लढाऊ विमान आफ्टरबर्नर लावून निघते तेव्हा जवळचा आवाज १४० डेसिबलच्याही वर जातो. कानात बोळे आणि वर इअरमफ, एवढे करूनही सुमारे ३० डेसिबलच कमी होतात. डेकवर १४५ धरले तर कानापर्यंत ११५ पोचतात. अमेरिकेतील ‘निऑश’ संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबल आठ तास चालतात आणि पुढे दर ३ डेसिबलला मुदत निम्मी होते. या हिशेबाने ११५ डेसिबलला दिवसभरात मिळतात जेमतेम २८ सेकंद. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या अपंगत्वाच्या दाव्यांत कानात सतत गुणगुण होण्याचा विकार सर्वांत वर आहे, तो उगीच नाही.

कान झाकण्याला मर्यादा आहे. मग आवाज जिथे जन्मतो तिथेच, म्हणजे नॉझलमध्ये, उपाय हवा. या नॉझलचा गळा अरुंद आणि पुढचा भाग रुंद असतो. गळ्याशी वायू ध्वनीचा वेग गाठतो, रुंद भागात त्याहून वेगवान होतो. ही रुंदी उंचावरच्या विरळ हवेला सोयीची. समुद्रसपाटीला मात्र झोताचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी पडतो, हवा त्याला आवळते आणि झोतात आघातलहरींची साखळी उभी राहते. आफ्टरबर्नरच्या ज्वाळेत चमकते मणी दिसतात, ते हेच. झोतातले भोवरे या साखळीतून जाताना कर्कश आवाज उठतो. झोत आणि स्थिर हवा एकमेकांत घुसळतात, त्याचा गडगडाट वेगळाच.

बोइंग ७८७ च्या इंजिनाची मागची कड करवतीसारखी दातेरी आहे. त्या दात्यांमुळे झोत हवेत लवकर मिसळतो आणि आवाज उतरतो. लढाऊ विमानात हे इतके सोपे नाही. तिथे नॉझल हलत्या पाकळ्यांचे असते, आणि दाते कायमचे बसवले तर उड्डाणभर थोडा जोर वाया जातो. वैमानिक तो सोडायला तयार नसतो, आणि त्याचेही बरोबरच आहे.

पेन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी म्हणून धातूऐवजी हवेचे दाते करून पाहिले. नॉझलच्या रुंद भागात बारीक छिद्रांतून हवा सोडली की आतला आकार बदलल्यासारखा होतो आणि आघातलहरी क्षीण होतात. विमान डेकवरून सुटले की ही हवा बंद करता येते. छोट्या प्रतिकृतींवर आवाज कमी झाल्याचे दिसले आहे. खऱ्या इंजिनात ती हवा कॉम्प्रेसरमधूनच काढावी लागेल, म्हणजे पुन्हा थोडा जोर जाणार. पण फक्त उड्डाणाच्या त्या काही सेकंदांपुरता.