केस पेपरवरची एक ओळ

वर्ध्याजवळ भूगाव येथील उत्तम गाल्वा पोलाद कारखान्यात ३ फेब्रुवारी २०२१ रोजी भट्टीजवळ काम करणारे ३८ कामगार जखमी झाले. एवढा मोठा अपघात लपत नाही. पोलीस येतात, पंचनामा होतो, कोण कुठे काम करीत होता याची नोंद आपोआप तयार होते. खरी अडचण असते ती एकट्यादुकट्या जखमीची. जिनिंगच्या पट्ट्यात हात सापडलेला मजूर, सेंट्रिंगवरून पडलेला गवंडी, थ्रेशरमध्ये बोटे गमावलेली बाई. त्यांना रुग्णालयात आणतो तो बहुधा ठेकेदाराचा माणूस, आणि 'काय झाले?' या प्रश्नाचे उत्तरही तोच देतो : 'घरी पडला, साहेब.' औषधपाण्याचा खर्च ठेकेदार करणार म्हणून जखमीही मान डोलावतो. डॉक्टर रक्त थांबवण्याच्या घाईत असतात. केस पेपरवर 'घरी पडून इजा' अशी ओळ पडते, आणि पुढे भरपाईचा दावा उभा राहिला की समोरचा वकील नेमकी तीच ओळ वाचून दाखवतो.

या एका ओळीची किंमत किती, ते आकड्यांत पाहावे. कर्मचारी भरपाई कायदा १९२३ चा आहे. सामाजिक सुरक्षा संहिता संसदेने सप्टेंबर २०२० मध्ये मंजूर केली असली, तरी ती नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू होईपर्यंत हाच कायदा चालत होता. त्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नसे. इजा कामामुळे आणि कामावर असताना झाली, एवढे पुरत असे. समजा, ३० वर्षांच्या मजुराला महिन्याला १२ हजार रुपये मिळतात आणि यंत्रात त्याचा अंगठा गेला. पगाराचे ६० टक्के, म्हणजे ७,२०० रुपये. त्याला वयानुसार ठरलेल्या २०७.९८ या गुणकाने गुणायचे. आणि अंगठ्यासाठी परिशिष्टात दिलेले ३० टक्के काढायचे. रक्कम होते सुमारे साडेचार लाख रुपये. एका हाताची चारही बोटे गेली असतील तर ५० टक्के धरून साडेसात लाखांच्या आसपास. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. याउलट गावात होते काय? वीस-पंचवीस हजार हातावर ठेवून 'माझी काही तक्रार नाही' असे स्टॅम्प पेपरवर लिहून घेतात. कायद्याने मिळणारा हक्क असा लिहून देता येत नाही. १९२३ च्या कायद्याच्या कलम १७ नुसार तो कागद रद्दबातल होता. पण हे त्या मजुराला सांगतो कोण?

अंगठा किंवा बोटे गेली तर टक्का परिशिष्टात छापलेला आहे. भाजल्याचे तसे नाही. जखम भरते, कातडी आखडते, बोटे वळेनाशी होतात आणि हात शाबूत दिसत असूनही हातोडा धरता येत नाही. अशा वेळी कमावण्याची क्षमता किती गेली, हे डॉक्टरांनी ठरवायचे असते. बसच्या सवलतीसाठी मिळणाऱ्या अपंगत्वाच्या दाखल्यावरचा टक्का ही वेगळी गोष्ट आहे, पण दोन्हींची सर्रास गल्लत होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच सिनेमागृहाच्या कामावर पडलेल्या एका सुताराच्या खटल्यात हा फरक दाखवून दिला. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची क्षमता शंभर टक्के गेली, असे न्यायालयाने मानले. तेव्हा 'हाताची हालचाल ४० टक्के कमी' एवढेच लिहून थांबणारा दाखला अपुरा आहे. माणूस काय काम करीत होता आणि त्यातले आता काय जमणार नाही, हेही त्यात यायला हवे. डॉक्टर मंडळी इथे कमी पडतात, हे मान्य करायला हरकत नाही.

दुसरी पळवाट 'तो आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा' ही. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावजवळ सोनेगाव आबाजी येथे जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट होऊन सहा जणांचा जीव गेला. त्यांत आसपासच्या गावांतले रोजंदार होते. अशांच्या बाबतीत मालक कोण, हा वाद हमखास निघतो. १९२३ च्या कायद्याचे कलम १२ सांगत असे की, आपल्या धंद्याचे नेहमीचे काम ठेकेदाराकडून करून घेणारा मूळ मालकही भरपाईला बांधलेला आहे. त्याने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. राज्य कामगार विम्याचे कार्ड असेल तर मात्र दावा मालकावर नव्हे, विमा महामंडळाकडे करायचा.

शेतमजुराचे काय? २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जण गेले. शेतात कीटकनाशक फवारणारा मजूर १९२३ च्या कायद्याच्या यादीत स्पष्टपणे होता. पण त्याचा मालक म्हणजे बहुतेकदा चार एकरांचा कर्जबाजारी शेतकरी. त्याच्याकडून लाखांची वसुली होणार कशी? गोपीनाथ मुंडे अपघात विमा योजनेत शेतकरी आणि त्याच्या घरातली एक व्यक्ती येत असे, भूमिहीन मजूर येत नसे. ही फट सरकारनेच बुजवायला हवी, आणि पुढच्या हंगामातली फवारणी सुरू होण्याआधी.

१९२३ च्या कायद्यात दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षे होती. वर्ध्याच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडून महिला, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार आणि कमी उत्पन्नाच्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो. पहिल्या दिवशी चुकीची ओळ लिहिली गेली असेल, तर शुद्धीवर आलेल्या रुग्णाने वॉर्डातल्या डॉक्टरांना खरा प्रकार सांगावा आणि तो तारीख-वेळेसह कागदावर घ्यायला लावावा. जुनी ओळ खोडायची नसते, खाली नवी लिहायची असते. पोलीस जबाब घ्यायला आले की त्यांनाही तेच सांगावे, तेही ठेकेदाराचा माणूस खाटेजवळ नसताना.