शेवटचं फर्मवेअर मालकाच्या हाती हवं

मे संपत आला की गोव्यातल्या मोरजीचे शॅक उतरवले जातात, गेस्ट हाऊसांच्या अर्ध्या खोल्यांना कुलुपं लागतात आणि सगळा सीझन अखंड चाललेल्या नेटवर्कला हात लावायची सवड मिळते. रंगकाम, पंप, एसीची सर्व्हिसिंग ही कामं प्रत्येक मालकाच्या यादीत असतात. जिन्याखाली टांगलेला नेटवर्क स्विच त्या यादीत नसतो. ‘चालतोय ना, मग कशाला छेडायचा?’ हे उत्तर मोरजी, आश्वे, मांद्रे या पट्ट्यात इतक्यांदा ऐकलंय की या आठवड्याचा स्तंभ त्यालाच देतो.

स्विच टिकतो खरा. खाऱ्या हवेने पोर्टच्या पत्र्यावर तांबूस थर चढतो, पंखा घरघरू लागतो, तरी हिरवे दिवे लुकलुकत राहतात. दहा-बारा वर्षं सहज जातात. कंपनीचं वेळापत्रक मात्र वेगळं असतं. आधी विक्री थांबते, मग सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या थांबतात आणि शेवटी कंपनी पूर्ण हात काढून घेते. सिस्कोच्या स्विचला विक्री थांबल्यापासून साधारण पाच वर्षं मिळतात. आपल्याकडचे कितीतरी स्विच मोठ्या कार्यालयांनी काढून टाकल्यावर सेकंडहँड येतात, म्हणजे आपल्या पेडणे तालुक्यात पोचेपर्यंत त्यातली बरीच वर्षं सरलेली असतात.

न छेडण्याची किंमत काय असते, ते २०१८ मध्ये दिसलं. सिस्कोच्या स्विचमध्ये ‘स्मार्ट इन्स्टॉल’ नावाची सोय होती. नवा स्विच जोडला की त्याने आपली सेटिंग्ज आपोआप घ्यावीत, यासाठी ४७८६ क्रमांकाचा पोर्ट उघडा राहायचा, आणि पासवर्ड कोणी विचारत नसे. त्यातल्या गंभीर दोषाची दुरुस्ती २८ मार्च २०१८ ला जाहीर झाली. पुढच्या काही दिवसांतच त्या उघड्या सोयीतून इराणमधल्या सुमारे ३,५०० स्विचची सेटिंग्ज पुसली गेली आणि पडद्यावर अमेरिकेचा झेंडा उमटला. गोष्ट तिथे संपली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने इशारा दिला, की रशियन गुप्तचर यंत्रणेशी जोडलेले हल्लेखोर त्याच २०१८ च्या दोषातून आधार संपलेल्या उपकरणांमध्ये शिरत आहेत. औषध सात वर्षांपूर्वी निघालं होतं, लोकांनी ते घातलंच नव्हतं.

‘आमचा स्विच तर राउटरच्या आत आहे,’ असं मालक म्हणतात. पण गेस्ट हाऊसमध्ये आतलं कोण? वायफायचा पासवर्ड मिळालेला प्रत्येक पाहुणा आतलाच. एकाच २४ पोर्टच्या स्विचवर पाहुण्यांचे ॲक्सेस पॉइंट, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर आणि गल्ल्यावरचा कॉम्प्युटर असं सगळं जोडलेलं मी मोरजीत पाहिलं आहे. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत सरकारला कळवावी लागते, त्यामुळे त्या कॉम्प्युटरवर परक्या माणसांच्या पासपोर्टचे स्कॅन असतात. त्यांनी ते आपल्या विश्वासावर दिलेले आहेत.

म्हणून माझं सांगणं आहे की जुना स्विच फेकू नका आणि तसाच सोडूही नका. त्याच्यासाठी निघालेलं शेवटचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, शोधून घाला. काम अवघड नाही, नाजूक आहे. कन्सोल केबल जोडायची, वेग ९६०० ठेवायचा, ‘शो व्हर्जन’ची आज्ञा देऊन मॉडेल आणि सध्याची आवृत्ती वहीत लिहायची. चालू सेटिंग्जची प्रत लॅपटॉपवर उतरवायची. मग नवी फाइल घ्यायची आणि तिचा एमडी५ आकडा, म्हणजे फाइलची ओळखखूण, कंपनीने छापलेल्या आकड्याशी ताडून बघायचा. शेवटचं अक्षर जरी वेगळं निघालं तरी ती फाइल टाकून द्यायची.

खरी कसोटी यापुढे. सिस्कोच्या जुन्या २९६० मध्ये फ्लॅश मेमरी जेमतेम ३२ एमबीची असते, त्यात दोन प्रती मावतीलच असं नाही. मग जुनी पुसून नवी उतरवावी लागते. तेवढ्या मिनिटांत लाइट गेली तर स्विच उठतो तो नुसत्या ‘स्विच:’ एवढ्या अक्षरांवर अडकून. तिथून त्याला शुद्धीवर आणता येतं, पण १० एमबीची फाइल कन्सोलवरून ९६०० च्या वेगाने चढवायला तीन तास लागतात. वेग १,१५,२०० केला तर पंधरा-वीस मिनिटं. आपल्याकडे सवड मिळते ती पावसाळ्यात, आणि वीज जाते तीही पावसाळ्यात. तेव्हा यूपीएसशिवाय हे काम करू नये. गडगडाट असेल त्या दिवशी तर अजिबातच नको. फर्मवेअर चढलं की ‘नो व्हीस्टॅक’ ही आज्ञा देऊन स्मार्ट इन्स्टॉल बंद करावं, टेलनेट बंद करून एसएसएच ठेवावं आणि पाहुण्यांचं वायफाय वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे स्विचमधल्याच स्वतंत्र कप्प्यात, टाकावं. स्विच भंगारात द्यायची वेळ आलीच, तर आधी सेटिंग्ज पुसावीत. सिस्कोच्या फाइलमधले ‘टाइप ७’ पासवर्ड उलगडायला क्षणही लागत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. हे शेवटचं फर्मवेअर मिळतं कुठे? बऱ्याच कंपन्यांच्या डाउनलोड पानावर सर्व्हिस कॉन्ट्रॅक्टचा क्रमांक मागतात. आधार संपलेल्या मॉडेलचं कॉन्ट्रॅक्ट कंपनी विकतच नाही. सेकंडहँड घेणाऱ्याचं नाव तर तिच्या दप्तरीही नसतं. मग म्हापशातला टेक्निशियन कुठल्या तरी परक्या साइटवरून फाइल उचलतो, आणि तिच्यात कोणी काय मिसळलंय ते त्याला कळायला मार्ग नसतो. सुरक्षेसाठी केलेलं काम तिथेच बुडतं. एचपीने २०१४ मध्ये प्रोलायंट सर्व्हरचं फर्मवेअर वॉरंटी किंवा कॉन्ट्रॅक्ट असणाऱ्यांपुरतंच केलं, तेव्हा जगभर ओरड झाली. त्याच एचपीच्या प्रोकर्व्ह स्विचचं फर्मवेअर वर्षानुवर्षं कोणालाही फुकट उतरवता येत होतं. म्हणजे हे कंपन्यांना जमतं.

युरोपने ते कायद्यात बसवलं. डिसेंबर २०२४ मध्ये लागू झालेल्या आणि डिसेंबर २०२७ पासून पूर्ण अमलात येणाऱ्या सायबर रेझिलियन्स ॲक्टनुसार दिलेली सुरक्षा दुरुस्ती किमान दहा वर्षं उपलब्ध ठेवावी लागेल. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून घरगुती स्मार्ट वस्तूंवर अपडेट कधीपर्यंत मिळतील ते जाहीर करणं सक्तीचं आहे. आपल्याकडे सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते. केंद्राने २०२४ मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठी समितीही नेमली. जिन्याखालच्या स्विचपर्यंत मात्र यातलं काही पोचलेलं नाही.

गोव्याने इथे पुढे व्हावं, आणि तसं म्हणायला कारण आहे. नेटवर्क उपकरणांच्या डी-लिंक इंडिया कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय आपल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत आहे. डिजिसोल हा ब्रँड चालवणाऱ्या स्मार्टलिंकचा कारखानाही तिथलाच. शिवाय ओपनडब्ल्यूआरटी हे स्वयंसेवकांनी जोपासलेलं खुलं फर्मवेअर २०२१ च्या आवृत्तीपासून रिअलटेक चिपच्या काही स्विचवर चालतं, आणि डी-लिंकच्या डीजीएस-१२१० मालिकेतली काही मॉडेलं त्यात आहेत. इथल्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या मुलांनी हे काम हातात घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. पंचायती, शाळा, आरोग्य केंद्रं यांच्यासाठी राज्य सरकार स्विच घेतं, तेव्हा निविदेत दोन ओळी घालाव्यात. अपडेट कुठल्या तारखेपर्यंत मिळतील ते लेखी द्या. आणि त्यानंतर शेवटचं फर्मवेअर त्याच्या एमडी५ किंवा त्याहून पक्क्या आकड्यासह, कॉन्ट्रॅक्ट न मागता, दहा वर्षं खुलं ठेवा. या अटींसाठी विधानसभेत कायदा करावा लागत नाही, खरेदी विभागाने ठरवलं तरी पुरे.