थाळीतली माती, वावरातली माती



परवा आमच्या पिपरी मेघेतल्या एका कॉलेजवरून जात होतो. आवारातल्या बगिच्यात आठ-दहा पोरं-पोरी चमच्यानं माती पिशवीत भरत होते. थांबलो. "काय करून ऱ्हायले बाप्पा?" म्हटलं.

एक पोरगी म्हणाली, "काका, मातीतले जिवाणू वाढवून पाहतो." मग तिनं नीट समजावलं. एक ग्रॅम माती निर्जंतुक पाण्यात घोळायची, त्यातलं थोडं दहापट पाण्यात, असं पाच-सहा वेळा. शेवटचं पाणी थाळीत अगारवर पसरायचं. एक-दोन दिवसांत ठिपके उगवतात. ठिपके मोजून गुणाकार केला की ग्रॅममागची संख्या निघते.

"मंग पुढं?"

"वहीत लिहायचं काका. थाळ्या निर्जंतुक करून फेकतो."

माझं भांडण इथंच आहे. पोरांशी नाही, असं प्रॅक्टिकल ठरवणाऱ्यांशी. बगिच्यात बांधकामाच्या वेळचा मुरूम. धुऱ्यापलीकडं काळं वावर, त्यात सोयाबीन-तूर. नमुना मात्र मुरुमाचा!

गेल्या खरिपात मी रायझोबियमची पाकिटं आणली. अख्खा मे महिना टिनाखाली तापलेली. चाळीस दिवसांनी सोयाबीन उपटून पाह्यलं, तर मुळावर गाठी मोजक्याच. नखानं फोडल्या, आत पांढऱ्या. गाठ आतून गुलाबी असेल तरच ती नत्र धरते. खत नियंत्रण आदेश म्हणतो, अशा पावडरीत ग्रॅममागे कमीत कमी ५ कोटी जिवंत जिवाणू पाहिजेत. माझ्या पाकिटात किती होते? पैसे गेले, हंगाम गेला, उत्तर नाही.

आपलीही चूक असते. आधी संवर्धक अन् वरून बुरशीनाशक चोळलं तर जिवाणू मरणारच. बुरशीनाशक आधी, संवर्धक शेवटी. पण पाकिटातच जीव नसेल तर कोणता क्रम कामाचा?

कोणी म्हणेल, कॉलेजचा निकाल कायद्यात चालत नाही. नको चालू दे. दुकानदारावर केस करायला नाही मागत. पेरणीआधी कळलं तरी पुरे.

अन् मातीतून खरंच काही निघतं का म्हणाल, तर पुण्याजवळच्या पिंपरीचं पाहा. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या तिरुमलाचार यांनी स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध काढलं. जिवाणूच्या नावातच गाव आहे. त्या पिंपरीला जमलं, तर आमच्या पिपरीनं निदान पाकीट तपासावं.

प्राध्यापक मंडळींना विनंती एवढीच. मृगाआधी पोरांना वावरात आणा. नमुना मुळाजवळून, वितभर खोलीतून घ्या. सोबत आमची पाकिटंही न्या. रायझोबियमसाठी वेगळी थाळी लागते, ती तुम्हाला ठाऊक आहे. आकडा वहीत लिहा, अन् एक चिठ्ठी आमच्या हातात द्या.

चहा माझ्याकडून. वावर तर उघडंच आहे.